आईची खाट

लिंबानीदादा,

दर रविवारी जोहान्सबर्गहून तुझा फोन येतो, "आई कशी आहे?" मी "बरी आहे" म्हणते आणि तू फोन ठेवतोस.

चार महिने मी हॉस्पिटलात तिच्या खाटेखाली चटईवर झोपतेय. तिला अंघोळ घालते, मागच्या आवारात चूल पेटवून मक्याच्या पिठाचा न्सिमा शिजवते. मंगळवारी सकाळी मला घेरी आली. "पोरी, जरा वर खाटेवर पड," म्हणत आई धापा टाकत खाली चटईवर बसली.

तेवढ्यात नवी नर्स आली. तिनं माझ्याच दंडाला पट्टा बांधला, रक्तदाब बघून दचकली. "बरं वाटत नाही का, मावशी?" दादा, मी चौतिशीची आणि तिला पासष्टीची आजारी बाई वाटले! पण कुणीतरी विचारलं म्हणून मला रडूच फुटलं. तिनं दिलेली आईची गोळी मी मुकाट्यानं गिळली. खालून आईनं ओठांवर बोट ठेवलं. त्या दिवशी ती गोळीविना राहिली.

बुधवारी मला घेरी आली नव्हती. तरी नर्स यायच्या वेळेला मीच म्हटलं, "आई, जरा खाली बसतेस?"

तुझी,
एनेली