हळदीकुंकवाच्या दारात वसुलीवाला

माधवनगर, संक्रांतीनंतरचा शुक्रवार, १९७४

हप्ता एकच थकलाय, मी काय गाव सोडून पळाले न्हाई! शिलाई मशीन दिलेल्या दुकानाचा वसुलीवाला. आज माझ्याकडं हळदीकुंकू हाय हे बघूनच आला मेला. बूट घालून रांगोळीवर उभा. बाया दिसल्या की मोठ्यानं म्हणायचा, "या वहिनी, उधारीचं वाण घ्या!"

शेजारची शांताक्का तेवढी बोलली, "आवं, बाजूला व्हा की. सवाष्णी आल्यात." तर दात काढतोय. बाकीच्या रस्त्यातनंच माघारी गेल्या. ह्याच बाया माझ्याकडं झंपर शिवायला टाकतात. आता टाकतील? धनी पलटणीत हाईत; घरी असते, तर बोलला असता का असा?

रांगोळीवर बूट!

पैसे मागायचा हक्क हाय त्याला, व्हय. पण दारातनं सवाष्ण परतवायचा हक्क कुणी दिला? उद्या सांगलीला जाऊन दुकानदाराला तोंडावर इचारणार हाय. रथसप्तमीला मी समद्या बायांना परत बोलावणार. त्या दिशी दुकानदारानं सोता हितं यावं आन् त्यांच्यासमोर सांगावं, हा माणूस कुणाच्या हुकमानं धाडला. रथसप्तमीपतोर मला जबाब पायजे.