परसातला रांजण

रविवार, ऑगस्ट. आभाळ अजून कोरडंच.

आज आई सभेत बोलली आणि मला अजून एका जागी बसवत नाहीये. लिहूनच टाकते.

दूध सोसायटीची वार्षिक सभा होती. आई सभासद, मी नुसतीच सोबत. चेअरमन भाषणात म्हणाले, "आपल्या गावात एकोपा हाय. मागं बौद्धवाडा जळाला, पण ते बाहेरच्या लोकांनी केलं." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय, अगदी शाळेतल्या गुरुजींकडूनही. ऐकून ऐकून मलाही खरं वाटायला लागलं होतं का? थोडं, हो.

तेवढ्यात बायकांतून आई उठली.

"चेअरमनसाहेब, बाहेरच्याला आमचं घर सापडंल. पाण्याचा रांजण कसा सापडला? दुष्काळ होता, म्हून आमी तो परसात पुरला होता, वर कडब्याच्या पेंढ्या. हे गावाबिगर कुणाला ठावं? त्यांनी आधी रांजण फोडला, मग घर पेटवलं. विझवायला थेंब राहिला न्हाई."

पुढच्या खुर्च्यांवरची म्हातारी माणसं खाली बघत राहिली. चेअरमननी सरळ पुढचा विषय घेतला.

रांजण! एवढी शिकले, मला का सुचलं नाही? आईला सुचलं. माझ्या आईला.

घरी येताना विचारलं, "आई, भ्याव वाटलं न्हाई का?"

"वाटलं की. बसल्या जागी पाय लई कापत होते, म्हून उभी राहिले."