तुझी रोजची गाडी

प्रिय मास्तरीणबाई,

परवा तुझ्या भावाचा फोन आला. म्हणाला, ताईचं नवं बिऱ्हाड तुझ्याच लाइनीवर आलंय, शेवटच्या स्टेशनाजवळ, आणि पुढच्या महिन्यापासून भिंगांच्या कारखान्यात तिचं कामही सुरू होतंय. रोज कसं जायचं, रेल्वे बरी की बस, पास कुठला काढायचा ते तूच तिला सांग, तुला तिथले सगळे रस्ते तोंडपाठ. मी म्हटलं, सांगतो की. फोन ठेवला आणि हातातला पाना कुठल्या नटाला लावायचा होता तेच आठवेना. खरं तर फोनवरच सांगता आलं असतं. पण फोनवर माझं तोंड नुसती थट्टा करत सुटतं, तुला माहीत आहे. म्हणून कागद घेतला. अक्षर तसंच आहे, सातवीत शाळा सोडली तिथंच थांबलेलं. चुका दिसल्या तर दिसू देत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागायला नको. तुझ्यासाठी सगळ्यात सोयीची आहे ती सकाळची पॅसेंजर, आणि त्याच गाडीनं मीही कामाला जातो. तुझ्यानंतर तिसऱ्या स्टेशनावर चढतो. त्याचं काय करायचं ते शेवटी लिहितो. आधी बाकीचं ऐकून घे, कारण लोक तुला काहीबाही सुचवतील.

जलद गाडीच्या नादी लागू नकोस. सगळे नवखे तिथंच फसतात. भाडं दीडपट, बाकं मऊ, आणि तुझ्या कारखान्याच्या स्टेशनावर ती थांबतच नाही. धाडधाड पुढं जंक्शनला नेऊन सोडते, मग पुन्हा तिकीट काढून उलटं यायचं. असा द्राविडी प्राणायाम मी एकदा केलाय. त्या कारखान्यात मालाची लिफ्ट बसवायला गेलो होतो, पहिलाच दिवस, ऐटीत जलद गाडीत बसलो. खिडकीतून कारखाना मागं पळताना दिसला, मी हातातली हत्यारांची पिशवी घेऊन उभा. समोरचा म्हातारा म्हणाला, बस बाबा, आता साखळी ओढलीस तर तुझ्या पगारापेक्षा दंड जास्त होईल. त्याच दिवशी त्या गेटवर भरतीची पाटी वाचली. भिंगं तपासायला माणसं पाहिजेत, नजर तीक्ष्ण आणि हात स्थिर हवा. मला दुसरं कोणी सुचलंच नाही. फोटो काढून तुला पाठवला. तेव्हा तुझं काही उत्तर आलं नव्हतं. परवा कळलं, की अर्ज तू केला होतास.

बसचं म्हणशील तर तिकीट स्वस्त दिसतं, पण ते दिसण्यापुरतंच. पुलाजवळ बदलावी लागते आणि दुसरी बस पहिलीची वाट बघत नाही, दोघींचं सासू-सुनेसारखं आहे. दोन तिकिटं, वर थांब्यापासून कारखान्यापर्यंत उघड्या रस्त्यानं चालणं. उन्हात भाजत जाशील आणि मग दिवसभर भिंगातून बघायचं, डोळ्यांचं काय होईल? महिन्याचा हिशोब लावलास तर रेल्वेच्या पासापेक्षा बस महागच पडते.

तुझे मिस्टर स्कूटरवरून सोडतो म्हणतील. सोडतील बिचारे. पण नव्याचे नऊ दिवस. त्यांचं ऑफिस उलट्या दिशेला आहे, असं तुझा भाऊ म्हणाला. रोज तुला सोडून परत फिरायचं म्हणजे माणूस कितीही चांगला असला तरी एक दिवस दारात किल्ली वाजवत उभा राहील आणि आवर लवकर म्हणेल. तो शब्द तुला ऐकावा लागू नये, एवढ्यासाठी लिहितोय. माणूस चांगला आहे असं सगळेच म्हणतात. मी लग्नाला आलो नाही, लिफ्ट अडकलीय असं कळवलं. खोटं नव्हतं अगदीच. अडकलं होतं काहीतरी.

आता पासाचं. खिडकीवरचा कारकून तुला जोडीचा पास घ्या म्हणून मागं लागेल. एका पत्त्यावर राहणाऱ्या दोघांचा एकत्र पास, दोन सुट्या पासांपेक्षा बराच स्वस्त. अजिबात घेऊ नकोस. तो पास दोघं एकाच गाडीत, एकाच डब्यात असतील तरच चालतो, हे तो सांगत नाही. मला कसं माहीत, विचारशील. मी घेतला होता. भरतीची पाटी वाचली त्याच आठवड्यात. तुझं नाव घातलं, तुझा जुना फोटो दिला, नातं विचारलं तर म्हटलं, होणार आहे. तो म्हणाला, होणारचा रकाना नाही आमच्याकडे. मग त्यानंच कुटुंब असं लिहून टाकलं. मी तो कागद बघत खिडकीपाशी इतका वेळ उभा राहिलो, की मागच्या बाईनं ढुशी दिली, अहो, घरी नेऊन वाचा. दुसऱ्या दिवशी तपासनीस आला. पास बघून म्हणाला, जोडी कुठाय? मी म्हटलं, येणार आहे. त्यानं दंड केला. पुढच्या आठवड्यात पुन्हा, काय, आली का जोडी? मग मी रोज वेगळं तिकीट काढायला लागलो, खिशात पास असून. तपासनीस तसा मायाळू आहे, जाडजूड, चालताना दोन्ही बाकांना घासत येतो. त्यानं माझं नावच जोडीदार पाडलं, आणि आता अख्खा डबा मला त्याच नावानं ओळखतो. तेव्हा साधा एकटीचा पास घे. तिमाही घे, महिन्याचा परवडत नाही.

तुझ्या बाबांकडे आलो होतो तो याच पासाच्या जोरावर, वेड्यासारखा. वाटलं होतं, दाखवीन, बघा, मी सोय केलीय. खिशातून काढलाच नाही. बाबा म्हणाले, याच्या पायाला भिंगरी आहे. आज बेकरी, उद्या काचेचं दुकान, परवा लिफ्ट. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. मुलगी दिली तर तिला चार ओळी कुठल्या पत्त्यावर धाडायच्या? चुकीचं काय बोलले? सहा कामं सोडली होती मी. तू दाराशी उभी होतीस, हातात कपबशा. मी एकदाच वर पाहिलं. तू कपांच्या कानांकडे बघत होतीस. एक शब्द बोलली असतीस तर, असं मी पुष्कळ दिवस म्हणत राहिलो. आता म्हणत नाही. घरात बाप समोर बसलेला असताना पोरीला शब्द कुठून फुटणार. पण मास्तरीणबाई, लहानपणी माझी एक वेलांटी चुकली तर तू अख्ख्या गल्लीत ओरडून सांगायचीस.

तिथून आल्यावर मी हे काम सोडलं नाही. लोक हसायचे, लिफ्ट बसवणारा जिन्यानं चढतो म्हणून. बसली की ती लोकांची, आम्ही पुढच्या बिल्डिंगीत, पुन्हा जिना. मला ते आवडायला लागलं. एकच गाडी, एकच डबा, तीच माणसं. फोरमन म्हणाला, येत्या महिन्यात तुला स्वतःची टोळी देतो. आयुष्यात पहिल्यांदा कुणी म्हणालं, तू टिकलास. एका जागी टिकून दाखवायचं होतं, ते दाखवलं, फक्त बघायला कुणी नव्हतं.

कारखान्याची गाडी म्हणजे ती ठेकेदाराची व्हॅन, तिचं नाव मुद्दाम सगळ्यात शेवटी घेतोय. दाराशी येते म्हणून सगळ्यांना भुरळ पडते. मी तिच्यात बसलोय. आठ जणांच्या जागेत चौदा कोंबतात, सुटीच्या दिवसाचेही पैसे कापतात. ड्रायव्हर दोन पाळ्या ओढतो आणि फाटक पडायला लागलं की थांबायच्या ऐवजी दाबतो. एकदा फाटकाचा दांडा टपावर आपटला, आतल्या बायका रडायला लागल्या, तर तो म्हणतो, लागलं का कुणाला, नाही ना. संध्याकाळी उशीर झाला तर घरापर्यंत न येता गोदामाच्या वळणावर उतरवतो. तिथं दिवा नाही.

तुझा भाऊ साधा आहे, त्याच्या पोटात काही राहत नाही. फोन ठेवता ठेवता बोलून गेला, ताईनं व्हॅनवाल्याला आगाऊ पैसेसुद्धा दिलेत, आम्ही सगळे रेल्वेनं जा म्हणतोय, पण ऐकत नाही, त्या सकाळच्या पॅसेंजरमध्ये बसणार नाही म्हणते, कारण विचारलं तर उठून आत जाते. कारण त्याला कळलं नाही. मला कळलं. हे सगळं पत्र त्यासाठी लिहिलं. पैसे परत माग, नाही दिले तर सोडून दे, पण त्या व्हॅनमध्ये पाय ठेवू नकोस. सकाळच्या पॅसेंजरनं जा. पुढून दुसरा डबा, डाव्या बाजूला बस, ऊन येत नाही. तुझ्या स्टेशनावर गाडी रिकामीच असते, खिडकी मिळेल. तिसऱ्या स्टेशनावर मान खाली घालायची गरज नाही. मी या आठवड्यात काम सोडतोय. आमच्या लिफ्टच्या ठेकेदाराची सगळी कामं याच लाइनीवर आहेत, दुसरीकडे बदली मागून बघितली, नाही म्हणाला. बंदरावर क्रेनवर माणूस हवाय, तिथं चाललोय, इथून एका दिवसाचा प्रवास आहे. तुझ्यावर उपकार म्हणून नाही. रोज तू चढलेली असशील, केस नीट, डबा मांडीवर, आणि मी दारात उभा राहून पाय कुठं ठेवावा हे शोधत असेन, ते माझ्यानं होणार नाही. बाबांच्या कानावर जाईलच. म्हणतील, बघा, सोडली परत नोकरी, मी म्हणत नव्हतो? त्यांना म्हणू दे. तू मध्ये बोलू नकोस.

तुझाच,
भिंगऱ्या