मागे उभं राहायची अट

माय,

मला व्हिएतनाममधून नोकरी चालून आली होती. चार ते सहा वर्षांच्या लेकरांना इंग्रजी शिकवायची. तू हे ऐकून आधी कपाळावर हात मारला असतास आणि मग विचारलं असतंस, "तिकडं जाऊन बी लेकरंच सांभाळायची का?" होय, लेकरंच. तू अंगणवाडीत जन्मभर जे केलंस तेच, फक्त इंग्रजीतून आणि विमानाने जाऊन. माझा दहावीचा निकाल लागला त्या दिवशी तू बजावलं होतंस, "काहीबी कर, पण लेकरायच्यात बसू नको. ह्या कामाला सरकार पगारसुदिक म्हणत न्हाई, मानधन म्हणतं." मी तुझं ऐकलं नाही. तू जाऊन सोळा वर्षं झाली, आणि या सोळा वर्षांत मी तुझं फारसं काहीच ऐकलेलं नाही, हे एकदा सांगून टाकते. जालन्यात एका इंग्रजी शाळेत ज्युनिअर केजीला शिकवते. हे काम मला येतं, चांगलं येतं, आणि मला ते आवडतं.

दादाला या नोकरीचं सांगितलं तेव्हा तो जेवत होता. घास हातातच राहिला त्याच्या. "ए बी सी डी म्हणायला इमानात बसून कशाला जायचं? इथली लेकरं संपली का?" म्हणाला. मग पाणी पिऊन दुसरा मुद्दा काढला, "आन् तुझ्या लग्नाचं काय?" मी म्हणाले, तेहतीस वर्षं आलं नाही ते लग्न आता दोन वर्षांत काय घाई करणार आहे? वहिनी तोंडाला पदर लावून हसली. शेवटी दादा म्हणाला, "बघ बाई, बुद्धाचा देश हाये म्हणत्यात, तेवढं एक बरं हाये." म्हणजे त्याने जवळजवळ परवानगीच दिली. मी ती मागितली नव्हती.

मुलाखत मोबाईलवरच झाली. पडद्यावर तिकडच्या तीन शिक्षिका बसल्या होत्या आणि त्यांनी लहान मुलं असल्याचं सोंग घ्यायचं होतं. मी त्यांना फळांची नावं शिकवायची. सफरचंद झालं, केळं झालं, आणि मधली बाई अचानक भोकाड पसरून रडायला लागली. मला घरी जायचंय, मम्मी पाहिजे. परीक्षाच होती ती. माझ्याकडे दहा मिनिटं होती आणि हातात संत्र्याचं चित्र. मी चित्र खाली ठेवलं आणि तिला म्हणाले, तुझ्यासमोर तो निळा कप आहे ना, तो जरा माझ्यासाठी धरून ठेव, मला थोड्या वेळाने लागणार आहे. तिने कप धरला आणि रडणं थांबवलं. सोंग विसरून हसायला लागली.

हे तुझं होतं. जून महिन्यात नवी लेकरं यायची, आईचा पदर सोडायची नाहीत. रडू नको, असं तू कधीच कुणाला म्हणाली नाहीस. खडूचं डबडं त्याच्या हातात द्यायचीस. "हे धर बरं, मला लागंन मंग." ते पोरगं हुंदके देत देत डबडं छातीशी धरून उभं राहायचं, आणि बघता बघता त्याचं रडणं संपून जायचं.

आठ दिवसांनी करार आला. पगार, खोली, सुट्ट्या, सगळं नीट लिहिलेलं. नवव्या कलमात मात्र असं होतं की पालकांच्या दिवशी वर्ग दुसऱ्या शिक्षिकेने घ्यायचा आणि मी मागे सहायक म्हणून थांबायचं. शाळेच्या फोटोंमध्येही तीच बाई राहील. मी फोन करून विचारलं. पलीकडची बाई फार गोड बोलली. शिकवणार तुम्हीच, रोजचे धडे तुमचेच, आम्हाला तुमचं काम मनापासून आवडलंय. पण इथल्या पालकांना इंग्रजी शिकवणारी गोरी बाई दिसली की बरं वाटतं. वर्षातून तीन-चारदाच तर आहे. यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही.

फोन ठेवला आणि मला तुझाच राग आला. आता कारण सांगते. इतकी वर्षं मी हे कुणाशी बोललेले नाही.

मी अकरा वर्षांची आहे. आपल्या अंगणवाडीत खिचडी शिजवायचं काम खरं तर मदतनीस काकूंचं, पण त्यांचे गुडघे धरलेले, म्हणून तू सकाळी लवकर जाऊन स्वतःच शिजवतेस. काकू दहाला येतात, दारात चपला काढतात आणि पळी हातात घेतात. वाढायचं त्यांनीच. गावाला वाटतं खिचडी त्यांनीच केली. त्या वरच्या गल्लीतल्या, आपण विहाराशेजारच्या वस्तीतले. तू शिजवलेलं कळलं असतं तर वरच्या गल्लीतली लेकरं जेवली नसती. तुमचं दोघींचं हे ठरलेलं होतं आणि मला ते माहीत होतं. त्या दिवशी माझी शाळा लवकर सुटली. मी आले तर काकू वाढतायत, एक आजी दारात उभी राहून म्हणतेय, "काकूच्या हाताची चव काई औरच हाये," आणि तू कोपऱ्यात हजेरी भरतेयस, मान खाली घालून. मी सरळ गेले, काकूंच्या हातातली पळी घेतली, एका पोराच्या ताटात खिचडी वाढली आणि आजीला म्हणाले, "माझ्या मायनं केलीय."

तू सगळ्यांदेखत माझ्या थोबाडीत मारलीस. घरी आल्यावर म्हणालीस, "लई शहाणी झालीस का? लेकरं जेवली पाह्यजेत. पळी कुणाच्या हातात हाये ते पोटाला कळत न्हाई." दुसऱ्या दिवशी सात लेकरं आली नाहीत. तू मला सोबत घेऊन वरच्या गल्लीत गेलीस आणि दारोदार, उंबऱ्याबाहेर उभी राहून, एकच वाक्य बोललीस. "पोरगी खोटं बोलली. खिचडी काकूच करत्यात." सात दारं, माय. सातही दारांत मी तुझ्या शेजारी खोटारडी म्हणून उभी होते.

लेकरं परत आली. मला माहीत आहे. त्यातलं एक पोरगं हाडाचा सापळा होतं, अंगणवाडीत जेवायला लागल्यावर त्याचं वजन वाढलं, आणि तू दर महिन्याला ते वजन वहीत लिहिताना किती खूश व्हायचीस तेही मी पाहिलंय. तुझं चुकलं असं म्हणायची माझी हिंमत नाही. पण तुझं बराबर होतं असंही मी म्हणणार नाही. पोटाला कळत नसेल, माय. मला कळत होतं. तुलाही कळत होतं, नाहीतर हजेरी भरताना तुझी मान एवढी खाली गेली नसती. आणि माझ्यापुढे तर उपाशी लेकरं नव्हती. गाड्यांतून येणारे पालक होते, ज्यांना नुसतं बरं वाटून घ्यायचं होतं. त्यांच्या बरं वाटण्यासाठी मी कशाला मागे उभी राहू?

तरी दोन दिवस मी बसून तोलत होते. स्वतःची खोली, समुद्र, नवं जग, वर्षातून तीन-चार दिवस फक्त. माझ्या शाळेतल्या बाया म्हणाल्या, वेडी का काय, सही कर. मी सही केली नाही. लिहून पाठवलं: शिकवीन ते सगळ्यांसमोर शिकवीन. नववं कलम काढा, मी पुढच्या महिन्यात येते. काल त्यांचं उत्तर आलं. कलम निघणार नाही, आणि तुमच्या पुढच्या वाटचालीला शुभेच्छा.

दादा म्हणाला, "बरं झालं, इडा टळली." मी त्याला म्हणाले, टळली बिळली काही नाही. आज सकाळीच दुसऱ्या दोन शाळांना अर्ज पाठवलेत, आणि मागे उभी राहणार नाही हे पहिल्याच ओळीत लिहिलंय. त्या नाही म्हणाल्या तर तिसरीला लिहीन. पासपोर्ट दहा वर्षं चालतो.

हे सगळं मी धडे काढायच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे. ही पानं कुणाला दाखवायची नाहीत, फाडायचीही नाहीत. तुला पाठवायची सोय असती तरी पाठवली नसती, कारण एक गोष्ट अजून राहिली आहे आणि ती तुझ्या तोंडावर सांगणं मला जमलं नसतं. मुलाखत संपल्यावर त्या कपवाल्या बाईने कौतुकाने विचारलं, रडणाऱ्या मुलाला असं काम द्यायचं, हे तुम्ही कुठे शिकलात? मी म्हणाले, संभाजीनगरला एक ट्रेनिंग केलं होतं. असलं कुठलंही ट्रेनिंग मी केलेलं नाही. माझी आई अंगणवाडी सेविका होती, हे इंग्रजीत सांगायला एक वाक्य पुरलं असतं आणि ते वाक्य मला येत होतं. नवव्या कलमाचा कागद त्यानंतर आठ दिवसांनी आला. त्या दिवशी तुला मागे उभं करायला मला कुणीच सांगितलेलं नव्हतं, माय.