दुखत नव्हतं म्हणून

अहो,

आज दुपारी घरी आले ती चपला न काढताच तुमच्या खुर्चीत बसून राहिले. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींना, आपल्या बौदींना, त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. त्यांच्या पायाच्या अंगठ्याचं नख खालून काळं पडलंय. दोन-तीनदा दाराशी येऊन, साखर-चहाचं काही तरी बोलून परत गेल्या. शेवटी तुमच्याबद्दल विचारलंच, "दीदी, दादांना असंच झालं होतं का?"

हे सगळं सांगायचं कुणाला? निखिलला बंगलोरला फोन करावा, तर तो म्हणणार, आई, तुला कुणी सांगितलं होतं पुन्हा तिथे जायला? तुमच्या आक्कांना करावा, तर त्या रडायला लागणार. मग उरलात तुम्हीच. इतक्या वर्षांच्या संसारात तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. कामानिमित्त बाहेरगावी असायचात तेव्हाही रोज फोन यायचा, आणि त्यात आज भाजी कसली एवढंच विचारायचात.

आठवतं, बदली होऊन इथे बंगालमध्ये आलो तेव्हा काय ठरलं होतं? तीन वर्षं काढू आणि पुण्याला परत जाऊ. तुम्हीच रमलात. हावड्याच्या कारखान्यात जायला बस सोडून लाँच पकडायचात, का, तर नदीवरचा वारा मिळतो. निवृत्तीनंतर न्यू टाउनला फ्लॅट घेतलात तोही खालच्या बागेसाठी. सकाळी हिरवळीवर अनवाणी चालायचं, म्हणजे चष्म्याचा नंबर वाढत नाही! नंबर वाढायचा तो वाढलाच, पण तुमचा विश्वास काही ढळला नाही.

आणि काळजी तरी किती करायचात! गॅसची नळी वेळेवर बदलायची, गाडीच्या टायरमधली हवा तपासायची, माझी रक्तदाबाची गोळी राहिली तर मी घेईपर्यंत पानावर बसायचं नाही. असा माणूस स्वतःच्या तळपायाकडे ढुंकून बघत नाही, हे कुणाला सांगून पटेल का?

तो डाग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तुम्ही बाल्कनीत नखं कापत बसला होतात. डाव्या टाचेवर, मसुराच्या दाण्याएवढा. मी विचारलं, तर म्हणालात काटा मोडला असेल. काटा मोडल्यावर दुखत नाही का, असं मी म्हटलं, तर तुमचं उत्तर तयार होतं, दुखलं नाही म्हणून तर कळलं नाही. वादात तुम्हाला कोण हरवणार?

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तो चिंचोक्याएवढा झाला. गोल नव्हता. ओल्या कागदावर शाईचा थेंब पडावा तसा कडेने वेडावाकडा पसरलेला, कुठे तपकिरी, कुठे डांबरासारखा काळा. मी म्हणत राहिले, दाखवू या. तुम्ही म्हणायचात, कुरूप आहे, सगळ्यांनाच होतं. औषधाच्या दुकानातून कुरपाची पट्टी आणून चिकटवलीत. मी जास्त बोलायला लागले की टीव्हीचा आवाज वाढवायचात.

मग आक्कांच्या नातवाच्या बारशाला आपण कराडला गेलो. आक्कांनी तुमचा पाय मांडीवर घेतला, म्हणाल्या, एवढंसं कुरूप आणि त्याचं काय घेऊन बसलाय? बिब्बा तापवून त्याचं तेल सुईच्या टोकाने त्या डागावर लावलं. चटका बसला तरी तुम्ही हूं की चूं केलं नाही. मोठ्या बहिणीच्या मांडीवर पाय ठेवून तुम्ही लहान मुलासारखे पडून होतात. मी दारात उभी होते. तुम्हा भावंडांच्या मध्ये मी काय बोलणार होते?

कातडी भाजली, खपली धरली, पडली. काळं तसंच राहिलं. फरक एवढाच झाला, की त्या काळ्याला आता एक नाव मिळालं. कुणीही विचारलं की तुम्ही सांगायचात, बिब्ब्याचा डाग आहे. विचारणाऱ्याचं समाधान व्हायचं. तुमचं तर झालेलंच होतं.

पावसाळ्यात मोज्याला रक्त लागायला लागलं. ते मोजे तुम्ही स्वतः धुवायला लागलात. जन्मात कधी रुमाल धुतला नव्हता तुम्ही! मोरीत वाकून मोजे चोळताना मी तुम्हाला पाहिलं. त्याच संध्याकाळी ओढून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी उभ्या उभ्या पाहिलं, जखम चिघळलीय म्हणाले, मलम लिहून दिलं. बाहेर आल्यावर तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू तुम्ही जिंकलात.

मलमाने काही झालं नाही. मोठ्या डॉक्टरकडे जाऊ म्हटलं, तर दुर्गापूजा तोंडावर आलेली. या शहरात कुठलीही गोष्ट पुढे ढकलायला 'पूजेनंतर' हा एक शब्द पुरतो. नळाची गळती पूजेनंतर, दाराला रंग पूजेनंतर, आणि तुमची टाचही पूजेनंतर. मंडपातून लंगडत फिरलात. त्यातच जांघेत गाठ आली. तर म्हणालात, पायाला जखम आहे ना, अवधाण आलंय, लहानपणी नाही का यायचं? यायचं, खरंच यायचं. त्यामुळे मलाही क्षणभर बरं वाटलं.

त्वचेच्या डॉक्टरीणबाई निखिलपेक्षाही लहान दिसत होत्या. दिवा असलेलं छोटं भिंग त्यांनी तुमच्या टाचेला लावलं. मग जांघेतली गाठ चाचपली. तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आल्यावर आपल्याला समोर बसवून हिंदीत सावकाश सांगितलं, की हा त्वचेचा कॅन्सर आहे.

तुम्ही हसलात. म्हणालात, तो तर गोऱ्या लोकांचा, उन्हात पडून राहणाऱ्यांचा रोग. माझा रंग बघा, आणि तळपायाला कधी ऊन लागतं का? त्या म्हणाल्या, आपल्या रंगाच्या माणसांना हा होतो तेव्हा बहुतेक वेळा तळपायावर, तळहातावर, नाहीतर नखाखाली होतो. उन्हाशी त्याचा संबंध नसतो. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून कुणी येत नाही. डाग वाढला, रंग बदलला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, रक्त आलं, जखम भरेना, यातलं एक जरी झालं तरी दाखवायचं असतं. लहान असताना काढला तर पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. हे शेवटचं वाक्य त्यांनी खाली बघत म्हटलं. मी मात्र तेच वाक्य धरून बसले.

पुढचं तुम्हाला काय सांगू, तुम्हीच भोगलंत. टाचेचा तेवढा भाग काढून मांडीची कातडी लावली. जांघेतल्या गाठी काढल्या, तर पाय सुजून खांबासारखा झाला. मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून राहायचे. आजूबाजूला सगळं बंगालीत चाललेलं, अर्धं कळायचं, अर्धं चेहऱ्यांवरून ओळखायचे. निखिल यायचा, कागद वाचायचा, डॉक्टरांशी इंग्रजीत बोलायचा आणि मला म्हणायचा, सगळं चाललंय नीट. खोकला सुरू झाला तेव्हा त्याने तेही म्हणायचं सोडलं. फुप्फुसात गेलं होतं. इंजेक्शनं झाली. कधी एखादा आठवडा बरा जायचा, की आपण तिघंही खुळ्यासारखे आशेला लागायचो.

घरी आणल्यावर एका सकाळी मी तुमचे पाय पुसत होते. तुम्ही म्हणालात, "दुखत नव्हतं गं सुलू. दुखलं असतं तर गेलोच असतो."

मी त्यावर काय बोलायला हवं होतं? मी तो एक पाय पुनःपुन्हा पुसत बसले. थंडी संपता संपता तुम्ही गेलात.

आक्का अजून फोनवर रडतात. त्यांना वाटतं, बिब्ब्यामुळेच झालं. मी डॉक्टरांना मुद्दाम विचारलं होतं. त्या म्हणाल्या, बिब्ब्याने रोग झाला नाही, फक्त झाकला गेला. हे मी आक्कांना दर वेळी सांगते. त्या ऐकून घेतात, पुढच्या वेळी पुन्हा तेच विचारतात. त्यांच्यापुढे मी हरले.

तर आज बौदींना घेऊन त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी मला ओळखलं, माझा हात धरला. मग तेच भिंग बौदींच्या नखाला लावलं. काही लागलं होतं का, विचारलं. बौदींना आठवलं, सिलिंडर सरकवताना पायावर आला होता. साकळलेलं रक्त आहे, म्हणाल्या. नख वाढेल तसं काळं पुढे सरकेल. नाही सरकलं, तर परत या, तुकडा काढून बघू. झालं. आमचा नंबर आल्यापासून चहा गार व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात आम्ही बाहेर.

बौदींना रस्त्यातच रडू आलं, मग हसू आलं. मला मिठाईच्या दुकानात ओढलं. मला आनंद झाला हो, देवाशपथ झाला. पण टोटो रिक्षात बसल्यावर त्या बोलत होत्या आणि मला काही ऐकूच येईना. एवढंच होतं? दिवा असलेलं एक भिंग, दोन प्रश्न, एवढंच? एवढ्यासाठी तुम्ही गेला नाहीत? राग तुमचा येत होता, बौदींचा येत होता, त्या बिचाऱ्या नखाचाही येत होता.

आता खरं सांगते, मी खुर्चीत का बसून राहिले ते. निघताना डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "आणि तुम्ही? स्वतःची कातडी कधी बघता का?" मी म्हटलं, हो, बघते, काही नाही.

आहे. पाठीवर, ब्लाउजच्या कडेच्या जरा खाली, बोटाला लागतंय काही तरी. पूर्वी सपाट तीळ होता, आता उंच लागतो आणि खाजतो. आरशात मान वळवून दिसत नाही. तुम्ही असतात तर म्हटलं असतं, जरा बघा हो. आता माझी पाठ बघणार कोण? आणि ज्यांना दाखवायची त्या समोर उभ्या होत्या, विचारत होत्या, तरी माझ्या तोंडून 'काही नाही' गेलं. किती सहज गेलं! तुमच्यावर इतकी वर्षं चिडले, आणि आज कळलं ते कसं येतं तोंडात. तुम्हाला डाग दिसत नव्हता असं नाही. तुम्हाला त्याचं नाव ऐकायचं नव्हतं. हो ना? मला एकदा तरी सांगायचंत. आपण दोघं मिळून घाबरलो असतो.

हे लिहिता लिहिता उठून बौदींचं दार वाजवलं. त्यांना पाठ दाखवली. त्यांनी दिवा लावून नीट पाहिलं, मग म्हणाल्या, "सोमवारी जाऊ. मी येते." मी लगेच डॉक्टरांच्या इथे फोन करून नंबर लावला. निखिललाही आता कळवणार आहे. तो ओरडेल, ओरडू दे.

काय निघेल, मला माहीत नाही. पण सोमवारी मी जाईन. पूजेनंतर नाही, कुणाच्या बारशानंतर नाही, दुखायला लागल्यावर नाही. सोमवारी. हा शब्द तुम्हाला दिला.

तुमची,
सुलू