कॅमेऱ्यानं न ओळखलेली लेन्स

११ एप्रिल
कॅमेऱ्यात कंपनीचं नवं सॉफ्टवेअर टाकलं. नसती अवदसा आठवली. चालू केला तर मोठी लेन्स ओळखायलाच तयार नाही. कॅमेरा एका कंपनीचा, लेन्स दुसरीची, म्हणून. फोटो निघतो, पण ऑटोफोकस बंद. घरात घ्यायचं आणि पंगतीला बसू द्यायचं नाही, हा प्रकार आमच्या आज्यानं पुष्कळ पाहिला.
यवतमाळचा दुकानदार फोनवर, "हे तं होणारच होतं ताई. कंपनीचीच घ्या." लेन्सवाले म्हणतात, आमचंही नवं सॉफ्टवेअर येईल. केव्हा, ते त्यांनाही माहीत नाही.

१४ एप्रिल
जयंतीची रॅली कॅमेऱ्यासोबतच्या छोट्या लेन्सवर भागली. ऊन होतं. संध्याकाळी विहारात मात्र उजेड कमी, तिथं मोठीच लागते.
घरी हातानं फोकस करून पाहिला. समोरच्या दुकानाची पाटी. ह्यांना दाखवला. "हलला वाटते," म्हणाले. हलला नव्हता.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दिवाळीत यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, मी कुणाला सांगितलं नाही. कळंबात बाई फोटोग्राफर म्हटलं की आधीच आठ्या. त्यात डोळ्यांनी अधू म्हटल्यावर कोण बोलावणार? इतके महिने लेन्स बघत होती, मी नुसतं बटण दाबत होते. भीती वाटते.

१७ एप्रिल
शोभाकडे. शाळेपासूनची मैत्रीण. तिच्या पौर्णिमाचं लग्न २२ला, विहारात, संध्याकाळी. कापसाला भाव नाही. डीजे रद्द, जेवणात एकच भाजी. "फोटो मात्र तूच काढजो," म्हणते, "त्यात काटकसर नाही." सांगायचं होतं. जीभ रेटली नाही.
येताना चौकातल्या नितीनच्या स्टुडिओत लेन्स मागितली. "माही तुमच्या कॅमेऱ्यावर बसतच नाही काकू, कंपनी अलग. मीच येऊ का?" नको म्हटलं. ताठा, दुसरं काय.

२२ एप्रिल
दुपारीच विहारात. हार घालायची जागा खडूनं आखली, तिथं ह्यांना उभं केलं, भर उजेडात डोळे ताणून फोकस लावला, कडं हलू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी मारली.
ऐन हारांच्या वेळी नवरदेवाचे मामा, "इकडं या न, पंख्याखाली." जोडी खडूच्या पुढं. चिकटपट्टी ओढली, अंदाजानं कडं फिरवलं.
घरी मोठ्या स्क्रीनवर पाहिले. मला सगळेच फोटो सारखे दिसतात.

२४ एप्रिल
लेन्सवाल्यांचं सॉफ्टवेअर आलं. टाकलं. ऑटोफोकस चालू. पुढच्या लग्नात कुणाला कळणारही नाही. आधी हायसं वाटलं, मग स्वतःचीच लाज.
संध्याकाळी शोभा फोटो बघायला आली. हारांच्या फोटोपाशी बराच वेळ थांबली. मग माझ्याकडे बघून, "पोरीचे डोळे उघडे हायेत का मिटले व?"
"उघडे," मी अंदाजानं म्हटलं.
तिनं चहा घेतला. चपला घालताना म्हणाली, "उद्या सकाळच्या गाडीनं यवतमाळले जाऊ. तयार राहजो."
कशाला, ते मी विचारलं नाही. हो पण म्हटलेलं नाही.