दोन गोदामांतली ब्लँकेटं

१६ नोव्हेंबर

श्रीयुत जावईबापू यांस,

नमस्कार. माझी तब्येत बरी आहे. गुडघा कुरकुरतो, त्याहून जास्त मी.

परवा, १४ नोव्हेंबरला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, तुमच्या संस्थेच्या दुसऱ्या गोदामात तुम्ही मला फसवलंत.

पूरग्रस्तांसाठी परदेशातून आलेल्या पैशांची तपासणी माझ्याकडे आली, तेव्हा आपलं नातं मी देणगीदारांना लेखी कळवलं होतं. ते म्हणाले, तुमच्यावर विश्वास आहे. तुम्हीही तेच म्हणालात. तुमचा विश्वास कशावर होता, ते आता कळतंय.

दोन छावण्या, प्रत्येकीचं एक गोदाम. सकाळी पहिल्या गोदामात ब्लँकेटांचे गठ्ठे मोजले. मोजलेल्या प्रत्येक गठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यावर हिरव्या पेन्सिलीने बारीक खूण करायची, ही माझी नोकरीपासूनची खोड. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर रुमालाच्या कोपऱ्यावर नाव भरायला लावायच्या, त्यातलाच प्रकार.

मग जेवण. "आई, घाई काय आहे? गोदाम कुठे पळून जातंय?" असं तुम्ही म्हणालात. खरंय, गोदाम नाही पळालं. सूप झालं, जेवण झालं, वर आइस्क्रीम. लग्नापासून सासूचा एवढा पाहुणचार कधी झाला नव्हता. तेव्हाच मला वास यायला हवा होता.

दुसऱ्या गोदामात गठ्ठे तेवढेच. प्रत्येकाच्या खालच्या कोपऱ्यावर माझी हिरवी खूण. मी तिच्याशेजारी दुसरी करत गेले. "बघा, कसं चोख भरलं," म्हणत तुम्ही सहीचा कागद पुढे केलात. चष्मा विसरले असं सांगून मी निघाले. चष्मा नाकावरच होता. तुमचं लक्ष माझ्या पेनाकडे.

म्हणजे आपण जेवत होतो, तेवढ्यात तेच गठ्ठे इकडे आले. माल एका छावणीचा, खर्च दोन छावण्यांचा. काल नदीपलीकडच्या छावणीत जाऊन आले. माणसं पोत्यांवर निजतात. एका बाळंतिणीने माझी शाल मागितली. दिली.

आणि परवा जेवताना माझी लेक दोनदा फोन घेऊन बाहेर गेली. दुसऱ्यांदा आली आणि म्हणाली, "चल आई, निघू या आता." तोवर तीच मला वाढत होती.

याबद्दल अहवालात अजून एक अक्षरही लिहिलेलं नाही.

दुसऱ्या छावणीची ब्लँकेटं कुठे आहेत, आणि फोनवर कोण होतं, याचं लेखी उत्तर शुक्रवारी दुपारी बारापर्यंत माझ्या हाती पडलं पाहिजे. तुमच्या हस्ताक्षरात. तिला मध्ये घालू नका. बारा वाजून गेले, तर मी जे पाहिलं ते सगळं लिहीन, जेवणासकट.

हिशेब तपासनीस
(सासू म्हणून काय ते उत्तर वाचल्यावर.)